टकटक

लकडगंजच्या आरा मशीनवरून
बाबा दर शनिवारी साली आणायचे.
सागाच्या, बिजाच्या, कधी धावड्याचे दोन बुटके,
मावजीभाईनं अर्ध्या भावात दिलेले.
तांडापेठेपर्यंत सायकल हातात धरून पायी,
कारण तिच्यावर लाकडं बसलेली.

लाकडं ठेवायची आजोबांच्या मागाच्या खड्ड्यात.
माग मोडीत गेला, खड्डा कोण घेणार?
चाळीस वर्षं जिथं त्यांचे पाय पावड्या दाबत राहिले
तिथं आता सरपण.

नियम एकच.
ज्याला आंघोळीला ऊन पाणी पाहिजे
त्यानं आधी बंबापाशी चार लाकडं आणून टाकायची.
पाच वर्षांच्यानं छिलपे आणले तरी चालतील.
कुऱ्हाडीला हात बारावं लागल्यावर.
"कुऱ्हाड काही लहान होत नाही बापा,
तूच मोठा हो,"
हिरामण हट्टाला पेटला की एवढंच.

आणि उचलायच्या आधी ठोकायचं. दोनदा.
"अंदर कोणी राहत असंल
तं त्याले सांगा लागते, का आम्ही येऊन राहिलो."
बहुतेक वेळा कोणी नसायचं.
एकदा विंचू होता.
एकदा नुसती पाल, आमच्याकडे अशी बघत
जशी आम्ही भाडं मागायला आलो.

जाड खाली, बारीक वर,
मधून वाऱ्याला वाट.
माझी रास वाकडी व्हायची, मी रडायची,
बाबा विडी पेटवून उभे, हात लावायचे नाहीत.
"पडू दे. पडली का समजते."

संक्रांतीला आठ दिवस होते.
गच्च्यांवरून ओ पार, ओ पार,
आणि हिरामणच्या वाट्याला पूर्ण शनिवारची गाडी.
अर्ध्या तासात हात झटकून वर गेला.
रास पाहिली मी, कशी सरळ, कशी कमरेइतकी!
संध्याकाळी बाबांनी एक ओंडका ओढला.
आत पोकळ.
चार भिंती लाकडाच्या, आणि मधे अंधार.

ते काहीच बोलले नाहीत.
ओंडका होता तसा परत लावला, जपून,
जसा एखाद्याचा दात बसवावा.

मग घरात येईल त्याला खड्डा दाखवणं सुरू झालं.
"पोट्ट्यानं रचली. एकट्यानं."
शेजारचे निनावे काका म्हणाले, वा.
मावशी म्हणाली, पोरगं कामाचं निघालं हो.
सकाळी पोहे खाताना हिरामणचे कान लाल.
पतंग भिंतीला टांगलेला, मांज्यासकट.
ऊन पाणी मागेना. जानेवारीतल्या थंडीत
नळाखाली बसून दात वाजवत आंघोळ.
आई बाबांकडे बघायची. बाबा पेपरात.

पाचव्या रात्री मला जाग आली.
टकटक.
थोडा वेळ काही नाही.
टकटक.
कंदील खड्ड्याच्या काठावर,
आणि हिरामण आत उतरलेला, छातीपर्यंत,
आजोबा बसायचे तिथंच उभा,
एकेक लाकूड ठोकून बाहेर काढत होता.
मी उठणार होते. बाबांचा हात माझ्या पांघरुणावर आला.
ते जागेच होते. पाच रात्री जागे असावेत.

सकाळी रास गुडघ्याइतकीच.
ती कोणाला दाखवली नाही.
बंबातलं पहिलं पाणी मात्र
बाबांनी त्याच्या बादलीत ओतलं.

आता बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये बटण दाबते, पाणी तापतं.
पतसंस्थेत मी हिशेब तपासते.
बेरीज फार गोल दिसली की बोट आपसूक वाजतं टेबलावर.
हिरामण कोराडीला, वीज केंद्रात, रात्रपाळी.
अजून जाळाशीच संसार त्याचा.

माझी शाल्मली.
नाव झाडाचं, लाकूड कधी उचललं नाही.
काल तिला धुतलेले कपडे घड्या करायला सांगितले.
दहा मिनिटांत झाले.
कपाट उघडलं, वरचा कुर्ता इस्त्री केल्यासारखा,
खाली सगळा बोळा.

मी काहीच बोलले नाही. दार लावून घेतलं, जपून.

रविवारी मामा येणार आहे तिचा.
त्याला कपाट दाखवीन म्हणते.
उघडायच्या आधी तो ठोकेल.
दोनदा.